अवशेषांचे ग्रीक शब्द : कोणता कोश केव्हा उघडावा

बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील बारावे वचन संतांच्या अवशेषांवरील, म्हणजे जपून ठेवलेल्या त्यांच्या अस्थी व वस्तूंवरील, चर्चेत हमखास पुढे येते. इफिस येथे पौलाच्या अंगाला लागलेली कापडे आजाऱ्यांकडे नेली जात आणि त्यांचे रोग दूर होत, एवढाच त्याचा आशय. संताच्या देहाला किंवा कबरीला स्पर्श झालेल्या वस्तूचाही मान राखावा, या प्रथेला शास्त्राधार म्हणून हे वचन दिले जाते. पण ही कापडे नेमकी कोणती होती, ती घरातली होती की कामावरची, आणि ‘अंगावरून’ म्हणजे ग्रीकमध्ये काय लिहिले आहे, हे भाषांतरातून कळत नाही. त्यासाठी ग्रीक कोशाकडे जावे लागते, आणि तिथे गेल्यावर कळते की कोश एक नाही, अनेक आहेत, प्रत्येकाचा काळ वेगळा आहे, आणि चुकीच्या काळाचा कोश उघडला तर नोंद बरोबर वाचूनही अर्थ चुकतो.

ज्यांना ग्रीक लिपी वाचता येते आणि नामांच्या विभक्ती व क्रियापदांची रूपे यांची तोंडओळख आहे, अशांसाठी हा लेख आहे. ग्रीक शब्द मी देवनागरीत दिले आहेत, तेही इरॅस्मसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उच्चारपद्धतीने, कारण कोशात शब्द शोधताना ती पद्धत मूळ लेखनाच्या अधिक जवळ राहते. आजचा ग्रीक माणूस यातले बरेच शब्द निराळे उच्चारील.

आधी शब्दाचे वय

कोशाच्या कपाटाकडे जाण्यापूर्वी हातातला मजकूर कोणत्या शतकातला आहे, हे कागदावर लिहून ठेवावे. हे सांगण्यात काही विशेष वाटणार नाही, पण माझ्या पाहण्यात सर्वाधिक चुका इथेच होतात, आणि त्यात माझ्याही आहेत.

‘मार्त्युरिऑन’ हा शब्द घ्या. अभिजात ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साक्ष किंवा पुरावा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात ज्याला आरंभ झाला, त्या जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, हाच शब्द वाळवंटातल्या साक्षपटाच्या मंडपासाठी येतो. नव्या करारात तो पुन्हा ‘साक्ष’ या अर्थाने भेटतो. चौथ्या शतकात मात्र मार्त्युरिऑन म्हणजे हुतात्म्याच्या कबरीवर किंवा पवित्र स्थळी बांधलेली वास्तू. जेरुसलेममधील कॉन्स्टंटाइनच्या बासिलिकेला हेच नाव होते. शब्द तोच, अक्षरेही तीच. चौथ्या शतकातल्या ग्रंथातले वाक्य नव्या कराराच्या कोशावरून लावले, तर लोक ‘साक्षीच्या आत’ जाऊन प्रार्थना करताना दिसतील.

कामापुरती विभागणी पुरेशी आहे. अभिजात काळासाठी लिडेल आणि स्कॉट यांचा कोश. सेप्टुअजिंटसाठी मुराओका यांचा २००९ चा किंवा लुस्ट, आयनिकेल व हाउस्पी यांचा कोश. नवा करार आणि त्यालगतचे ख्रिस्ती लेखन यासाठी बाउअर. धर्मपित्यांसाठी, म्हणजे ढोबळमानाने दुसऱ्या ते आठव्या शतकातल्या ख्रिस्ती आचार्यांच्या लेखनासाठी, लँप. त्यानंतरच्या बायझंटाइन ग्रीकसाठी सोफोक्लीझ यांचा १८७० चा कोश आणि द्यू काँज यांचा १६८८ चा ग्रीक शब्दसंग्रह. हे सोफोक्लीझ नाटककार नव्हेत. हे हार्वर्डचे प्राध्यापक.

पाठ कोणता, हे कोशाआधी ठरवावे

आता आपले वचन उघडू. नेस्ले-आलांट या, हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या, चिकित्सक आवृत्तीत, जिचे अठ्ठाविसावे संस्करण २०१२ मध्ये निघाले, कापडे नेली जात यासाठी ‘आपोफेरेस्थाइ’ असे रूप आहे. आपो म्हणजे ‘पासून’, म्हणून ‘पासून दूर नेली जाणे’. ज्या पारंपरिक पाठावरून सतराव्या शतकातले इंग्रजी भाषांतर झाले, त्यात मात्र ‘एपिफेरेस्थाइ’ आहे. एपि म्हणजे ‘वर’, म्हणून ‘वर आणली जाणे’. स्ट्राँगची १८९० ची प्रसिद्ध शब्दसूची त्या इंग्रजी भाषांतरावर बेतलेली असल्यामुळे तिचा क्रमांक पाहिला तर आपण एपिफेरो या धातूवर पोहोचतो, आणि चिकित्सक आवृत्ती समोर असलेल्या वाचकाला त्या पानावर तो धातू दिसतच नाही. फरक अर्थाच्या दृष्टीने मोठा नाही, पण ‘कोशात शब्द सापडत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. स्ट्राँगचे क्रमांक पत्ता शोधायला उपयोगी आहेत. त्यांच्यासमोर छापलेले दोन-चार इंग्रजी शब्द म्हणजे व्याख्या मात्र नव्हेत.

मूळ रूपापर्यंत पोहोचणे

पाठ ठरला की प्रत्येक शब्दाचे कोशातले रूप काढावे. मोल्सवर्थच्या मराठी कोशात आपण ‘केलं’ शोधत नाही, ‘करणे’ शोधतो. ग्रीक कोशात क्रियापद वर्तमानकाळी प्रथमपुरुषी एकवचनात लावलेले असते, म्हणून आपोफेरेस्थाइ हे ‘आपोफेरो’खाली मिळेल. नामे प्रथमा एकवचनाखाली असतात, आणि तिथे नवशिक्याची फजिती होते. ‘अंगावरून’ यासाठी मूळात ‘आपो तू ख्रोतॉस’ असे आहे. ख्रोतॉस कोशात नाही. ती षष्ठी आहे, प्रथमा ‘ख्रोस’. नोंद उघडली की कळते की या शब्दाचा नेमका रोख त्वचेकडे, अंगाच्या पृष्ठभागाकडे आहे. देहासाठी सर्रास वापरला जाणारा ‘सोमा’ हा शब्द ‘कृत्ये’चा लेखक मानल्या जाणाऱ्या लूकला उपलब्ध होता आणि तो त्याने इतरत्र वापरलाही आहे. इथे त्याने कातडीला लागलेले कापड सांगितले. भाषांतरात हे सहसा निसटते.

रूप ओळखता येत नसेल तर टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस या संकेतस्थळावर ते टाकावे. तिथे मूळ रूप आणि व्याकरण दोन्ही मिळतात. यंत्राने दोन पर्याय दिले, तर निवड मात्र स्वतःच वाक्य वाचून करावी.

बाउअरची नोंद कशी वाचावी

वाल्टर बाउअर यांचा जर्मन कोश हा या अभ्यासाचा कणा आहे. त्याचे पहिले इंग्रजी रूप आर्न्ट आणि गिंग्रिच यांनी १९५७ मध्ये आणले आणि फ्रेडरिक डँकर यांनी केलेली तिसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने २००० मध्ये प्रसिद्ध केली. ती महाग आहे. ज्यांना परवडत नाही त्यांनी थेयर यांचा १८८६ चा किंवा अॅबट-स्मिथ यांचा १९२२ चा कोश इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवून घ्यावा. थेयर वापरताना एक ध्यानात ठेवावे की ईजिप्तच्या वाळूतून निघालेल्या पपायरसांचा, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरील जुन्या लेखांचा, बहुतेक खजिना त्याच्या कोशानंतर अभ्यासकांच्या हाती आला. त्यामुळे त्याने ‘केवळ बायबलमधला’ म्हणून नोंदवलेले काही शब्द पुढे बाजारातल्या पावत्यांत सापडले.

डँकर यांच्या आवृत्तीत प्रत्येक अर्थाला आधी व्याख्या आणि मग तिरप्या ठशात प्रतिशब्द दिलेला असतो. घाईत असलेला वाचक तिरपा शब्द उचलतो आणि पुढे जातो. तसे करू नये, कारण प्रतिशब्द इंग्रजी वाक्यात बसावा म्हणून दिलेला आहे. मराठीत लिहिणाऱ्याला व्याख्याच कामाची. त्यानंतर येणारे संदर्भ निदान एकदा उघडून पाहावेत. नोंदीच्या अगदी शेवटी ‘एम-एम’ अशी खूण दिसली, तर मोल्टन आणि मिलिगन यांच्या पपायरसकोशात त्या शब्दावर काही आहे, असे समजावे.

‘सूदारिऑन’ या शब्दावर हे करून पाहू. हा लॅटिनमधून ग्रीकमध्ये आलेला शब्द आहे. मूळ अर्थ घाम पुसायचे फडके. नव्या करारात तो चार ठिकाणी येतो. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात एक चाकर धन्याने दिलेले नाणे त्यात बांधून ठेवतो. योहानाच्या अकराव्या अध्यायात कबरीतून बाहेर येणाऱ्या लाजारसच्या तोंडाभोवती ते गुंडाळलेले आहे, विसाव्या अध्यायात येशूच्या मस्तकावरचे ते कापड रिकाम्या कबरीत वेगळे गुंडाळून ठेवलेले आढळते, आणि चौथे ठिकाण म्हणजे आपले वचन. आता एम-एमकडे जावे. तिथे ईजिप्तमधले विवाहकरार उद्धृत केलेले दिसतात आणि त्यांतल्या नवरीसोबत दिलेल्या वस्तूंच्या यादीत सूदारिऑन आहे. म्हणजे ही वस्तू घरोघरी असणारी होती. पूजेसाठी वेगळे काढलेले वस्त्र नव्हे. अवशेषांविषयी लिहिताना ही बाब फार महत्त्वाची आहे.

दुसरा शब्द ‘सिमिकिन्थिऑन’. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी आहे आणि तोही लॅटिन ‘सेमिकिंक्तिउम’चे ग्रीक रूप. कोशकार त्याचा अर्थ कामकऱ्याने पुढून बांधायचे वस्त्र असा देतात. तो कमरपट्टा असावा असेही सुचवले गेले आहे. एकदाच येणाऱ्या शब्दाच्या बाबतीत कोशाला आधार कमी असतो, म्हणून अशा नोंदीत कोशकाराचा तर्क किती आणि पुरावा किती हे वेगळे करावे. याचे ठळक उदाहरण एक अध्याय आधीच आहे. पौलाच्या धंद्यासाठी आलेला ‘स्केनोपॉइऑस’ हा शब्द भाषांतरांत ‘तंबू करणारा’ असा रूढ आहे, पण डँकर यांनी त्यावर लांबलचक नोंद लिहून रंगभूमीचे साहित्य बनवणारा हा अर्थ पुढे केला आहे. ते सर्वांना पटलेले नाही. मलाही पटत नाही. मात्र त्या नोंदीमुळे एवढे दिसते की कोशातली नोंद म्हणजे कोणा एका विद्वानाचा युक्तिवाद असतो, तो तपासता येतो आणि नाकारताही येतो.

एवढे झाल्यावर मराठी भाषांतरे शेजारी ठेवावीत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून निघाले. प्रचलित भाषांतरासोबत ते ताडून पाहिले, म्हणजे अशा कापडांना मराठीत कोणकोणते शब्द सुचू शकतात, हे कळते.

किटेल जपून

गेरहार्ड किटेल यांनी १९३३ मध्ये सुरू केलेला दहा खंडांचा धर्मशास्त्रीय कोश ग्रंथालयात दिसला की हात तिकडेच जातो. त्यात माहितीचा साठा प्रचंड आहे. पण जेम्स बार यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की या कोशात एका शब्दाच्या सगळ्या वापरांतून एक मोठी संकल्पना रचली जाते आणि मग ती संपूर्ण संकल्पना प्रत्येक वचनात असल्याचे गृहीत धरले जाते. ‘पाणी’ या शब्दात तेज, अश्रू, हिंमत आणि विहीर हे सगळे एकाच वेळी वाचण्यासारखे ते होईल. संपादक स्वतः नाझी पक्षाचे सदस्य होते, ही गोष्टही यहुदी धर्मावरच्या नोंदी वाचताना विसरू नये. किटेल शेवटी वाचावा, तोही संदर्भांसाठी.

सेप्टुअजिंटमधला क्रमांकांचा गोंधळ

अवशेषांचा विषय निघाला की जुन्या करारातली अलीशा संदेष्ट्याची गोष्ट येतेच: त्याच्या कबरीत टाकलेले प्रेत त्याच्या अस्थींना लागताच जिवंत होते. मराठी बायबलात ती २ राजे १३:२१ इथे आहे. ग्रीक कोशात मात्र संदर्भ ‘४ राज्ये’ असा मिळतो, कारण सेप्टुअजिंटमध्ये शमुवेलाची दोन आणि राजांची दोन अशी चार पुस्तके सलग मोजली आहेत. स्तोत्रांचे क्रमांकही बऱ्याच ठिकाणी एकाने मागेपुढे होतात. राल्फ्स यांची १९३५ ची आवृत्ती हाताशी असली की हा गोंधळ मिटतो. लिडेल-स्कॉटमध्ये सेप्टुअजिंटचे संदर्भ असले तरी त्यावर एकट्यावर विसंबू नये, मुराओका पाहावा.

नव्या कराराच्या पुढची शतके

पॉलिकार्प या स्मिर्नाच्या बिशपचे हौतात्म्य दुसऱ्या शतकातले. त्याच्या वृत्तांताच्या अठराव्या प्रकरणात त्याच्या अस्थी रत्नांहून मोलाच्या आणि सोन्याहून कसदार म्हटल्या आहेत. हा वृत्तांत प्रेषितकालीन पित्यांच्या लेखनसंग्रहात मोडतो आणि तो संग्रह बाउअरने आपल्या कक्षेत घेतला आहे, त्यामुळे इथपर्यंत बाउअर पुरतो. याच प्रकरणात हौतात्म्याच्या दिवसाला ‘गेनेथ्लिऑस’, म्हणजे जन्माचा दिवस, म्हटले आहे. आपल्याकडे तिथे पुण्यतिथी हा शब्द आला असता.

त्यानंतर मात्र लँप हवा. ऑक्सफर्डने १९६१ ते १९६८ या काळात भागशः छापलेला हा कोश लिडेल-स्कॉटला पूरक म्हणून रचलेला आहे. जे सामान्य शब्द तिथे नीट आले आहेत आणि ज्यांना ख्रिस्ती लेखनात वेगळा अर्थ नाही, ते लँपमध्ये वगळलेले आहेत. लँपमध्ये शब्द नाही याचा अर्थ शब्दच नाही असा करून घाबरण्याचे कारण नाही, लिडेल-स्कॉट उघडावा.

अवशेषांसाठीचा नेहमीचा ग्रीक शब्द ‘लेइप्सानॉन’, अनेकवचनी लेइप्साना, म्हणजे उरलेले. तो नव्या करारात एकदाही येत नाही. म्हणून ‘नव्या करारात अवशेषांबद्दल काय म्हटले आहे’ हे त्या शब्दावरून शोधणारा रिकाम्या हाताने परततो; त्याने अस्थी, वस्त्र, काष्ठ हे शब्द शोधायला हवेत. ‘थेके’ योहानाच्या अठराव्या अध्यायात तलवारीची म्यान आहे, अभिजात लेखकांत पेटी किंवा कबर आहे, तर बायझंटाइन लेखनात अवशेष ठेवण्याची पेटी. ‘क्सुलॉन’ म्हणजे लाकूड. ‘कृत्ये’ पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात ते क्रूसासाठी येते आणि चौथ्या शतकात सिरिल ऑफ जेरुसलेम त्या काष्ठाचे तुकडे जगभर पोहोचल्याचे सांगतो.

सर्वांत बोलका शब्द ‘एउलोगिआ’. नव्या करारात आशीर्वाद किंवा स्तुती. अलेक्झांड्रियाजवळच्या अबू मेना या तीर्थस्थानाहून यात्रेकरू मातीच्या लहान कुप्या घेऊन परतत. त्यांवर संत मेनास दोन उंटांच्या मध्ये हात पसरून उभा असतो आणि काहींवर ‘संत मेनासची एउलोगिआ’ अशी अक्षरे असतात. बाउअरवरून त्याचा अर्थ ‘मेनासचा आशीर्वाद’ एवढाच लागेल. तो चूक नाही, पण इथे एउलोगिआ म्हणजे ती वस्तूच, तीर्थाहून घरी आणलेला प्रसाद. हे लँप सांगतो.

वस्तूंचे आणि संतांचे कोश

शब्दकोशाचे काम इथे संपते आणि वस्तुकोशाचे सुरू होते. फुकट मिळणाऱ्यांत स्मिथ व चीटम यांचा ख्रिस्ती पुरातत्त्वाचा दोन खंडांचा कोश, १८७५ ते १८८०, अजूनही सुरुवातीला बरा आहे. फ्रेंच वाचता येत असेल तर काब्रोल आणि लक्लेर्क यांचा १९०७ ते १९५३ या काळात पूर्ण झालेला ख्रिस्ती पुरातत्त्व व उपासनेचा महाकोश पाहावा. पुढचे बहुतांश खंड लक्लेर्क यांनी जवळजवळ एकहाती लिहिले आणि ते तपासून घ्यावे लागतात, पण शिलालेखांची नक्कल इतकी एकत्र दुसरीकडे मिळणे कठीण. काझदान यांनी संपादित केलेला ऑक्सफर्डचा बायझंटाइन कोश, १९९१, तीन खंडांचा, नोंदी आखूड आणि नेमक्या.

एखाद्या संताचे ग्रीक चरित्र हवे असेल तर बोलांडिस्ट, म्हणजे संतचरित्रांचा अभ्यास करणाऱ्या, जेझुइटांची ग्रीक संतचरित्रांची सूची, अल्कँ यांची १९५७ ची तिसरी आवृत्ती, पाहावी. त्यात प्रत्येक वृत्तांताला क्रमांक आहे आणि अभ्यासलेखांत तोच क्रमांक दिला जातो. ऑक्सफर्डची प्राचीन संतपूजेची विदाही महाजालावर खुली आहे.

इंग्रजी वस्तुकोश वाचताना दोन शब्दांपाशी थांबावे. अवशेषांचे ‘ट्रान्सलेशन’ म्हणजे भाषांतर नव्हे, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी समारंभाने नेणे, ग्रीकमध्ये ‘अनाकोमिदे’. आणि ‘इन्व्हेन्शन’ म्हणजे सापडणे. ४१५ मध्ये पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या अस्थी सापडल्या, तो प्रसंग याच नावाने नोंदलेला आहे. यंत्राने केलेल्या मराठीत पहिल्याचे भाषांतर आणि दुसऱ्याचा आविष्कार झालेला मी वाचला आहे.

कापडांच्या शब्दांतही सावध राहावे. मार्कच्या पंधराव्या अध्यायात येशूचा देह ‘सिन्दोन’ या तागाच्या वस्त्रात गुंडाळला जातो. एक अध्याय आधी उघडा पळून जाणारा तरुणही सिन्दोनच टाकून पळतो. योहान मात्र ‘ऑथोनिआ’ हा वेगळा, अनेकवचनी शब्द वापरतो. सिन्दोनचा सिंधू नदीशी संबंध जोडण्याचा मोह भारतीय वाचकाला होतो. शब्द परभाषेतून आलेला असावा, पण ते नाते पक्के झालेले नाही. येशूचे कफन म्हणून मानल्या जाणाऱ्या तुरीनच्या वस्त्राची १९८८ ची कार्बनचाचणी १२६० ते १३९० हा काळ दाखवते, आणि त्या वादात ग्रीक कोश कोणत्याही बाजूने निकाल देऊ शकत नाही.

गोव्यातले अवशेष हाती असतील तर

मराठी वाचकाला या विषयाची ओढ बहुधा जुन्या गोव्यातून लागते. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, देह मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आला आणि उजव्या हाताचा भाग १६१४ मध्ये रोमला गेला. या साऱ्याची साधने पोर्तुगीज, स्पॅनिश आणि लॅटिन आहेत. इथे लँप उघडून बसणे व्यर्थ. १६२४ मध्ये शिराझ येथे मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या अस्थी ऑगस्टिनियन संन्याशांनी गोव्यात आणल्या आणि २०२१ मध्ये त्यांतला भाग भारताने जॉर्जियाला दिला. तिथे पोर्तुगीजसोबत जॉर्जियन लागते.

ग्रीक शब्दाचा धागा इथे येतो तो लॅटिनमधून. स्पर्शाने पवित्र मानलेल्या कापडाला पश्चिमेत ‘ब्रांदेउम’ म्हणत. तो शब्द लिडेल-स्कॉटमध्ये शोधू नये. द्यू काँज यांच्या १६७८ च्या मध्ययुगीन लॅटिन कोशात पाहावा. तिथून ५९४ मधल्या एका पत्राकडे जाता येते. सम्राज्ञी कॉन्स्तांतिनाने पोप ग्रेगरीकडे पौलाचे मस्तक मागितले होते. त्याने नकार दिला, रोमची रीत देहाला हात न लावता पेटीत ब्रांदेउम घालून कबरीजवळ ठेवण्याची आहे असे कळवले, आणि तिने मागितलेल्या आणखी एका वस्तूबद्दल लिहिले की ती पौलाच्या देहासोबतच आहे, हलवता येणार नाही. त्या वस्तूसाठी त्याने वापरलेला शब्द ‘सूदारिउम’.